रुडॉल्फ डिझेल : वहीच्या समासातून निघालेले इंजिन

आपल्या नळदुर्गच्या आसपास, बोरी नदीच्या काठच्या मळ्यांत, एके काळी विहिरीवर बैलांची मोट चालत असे. पुढे मोटेची जागा तेलाच्या इंजिनाने घेतली, आणि शिवारात वीज येईपर्यंत त्या इंजिनाचा एकसुरी ठेका हाच मळ्याचा आवाज होऊन बसला. आज विहिरीवर विजेचे पंप आले आहेत. तथापि सोलापूर–हैदराबाद मार्गावरून अहोरात्र जाणाऱ्या बहुतेक मालमोटारी, शेत नांगरणारे ट्रॅक्टर आणि आपल्याला गावोगाव पोहोचविणाऱ्या एस. टी.च्या पुष्कळशा गाड्या अजूनही त्याच जातीच्या इंजिनावर चालतात. डिझेल हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो एका मनुष्याचे आडनाव आहे ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात असते. त्या मनुष्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

हे चरित्र निवडण्यास आणखीही एक कारण आहे. अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतःच्या हातांनी शर्यतीच्या लहान गाड्या तयार करतात आणि त्या घेऊन देशोदेशींच्या स्पर्धांत उतरतात. अमेरिकेत 1981 साली या स्पर्धेस आजचे नाव मिळाले. आता ती आपल्या देशातही भरते. तिच्या पेट्रोल-गाड्यांच्या वर्गात एक मोठी मार्मिक अट आहे. इंजिन चार टप्प्यांचे व 710 घन सेंटिमीटरपर्यंतचे चालेल. पण त्यात जाणारी सारी हवा अवघ्या 20 मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून गेली पाहिजे. म्हणजे मोठे इंजिन बसवून जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही. मग विद्यार्थ्यांत वाद सुरू होतो. मोटारसायकलचे चार सिलिंडरांचे जोरकस इंजिन घ्यावे, की एकाच सिलिंडरचे हलके घ्यावे? पेट्रोल जाळावे, की इथेनॉल? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2003–04 च्या सुमारास बाजारातील इंजिन बाजूस सारून दोन सिलिंडरांचे इंजिन स्वतःच घडविले. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर गेले. या सर्व वादाच्या मुळाशी प्रश्न एकच असतो : हाती असलेल्या थोड्या हवेतून आणि थोड्या इंधनातून अधिकात अधिक काम कसे काढावे? हाच प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका गरीब विद्यार्थ्याने आपल्या वहीत टिपून ठेविला होता.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील. बाप थिओडोर हा पुस्तकबांधणीचा व चामड्याच्या वस्तू करण्याचा धंदा करी. घरची स्थिती बेताचीच होती. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली म्हणजे तो पॅरिसमधील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. तेथे क्यून्यो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने अठराव्या शतकात केलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. ती जुनी, बोजड गाडी पाहता पाहता या मुलाला यंत्रांचे वेड लागले.

1870 साली फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांस शहर सोडावे लागले, आणि डिझेल मंडळी लंडनला गेली. तेथे पोट भरण्याची पंचाईत पडल्यामुळे आईबापांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतील आउग्सबुर्ग गावी नातलगांकडे धाडून दिले. युद्धाच्या धामधुमीत गाड्या बदलत बदलत हा प्रवास करावयास त्या मुलाला आठ दिवस लागले. आउग्सबुर्गला त्याचे काका बार्निकेल हे तेथील शाळेत गणिताचे शिक्षक होते. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले व आपल्याच शाळेत घातले. पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. दुसऱ्याच्या लेकराला आपल्या ताटातला घास देणारे हे शिक्षकाचे घर नसते, तर पुढची कथा घडली असती की नाही कोण जाणे.

चौदाव्या वर्षी रुडॉल्फने आईबापांस कळविले की, मी इंजिनियर होणार. शाळेच्या परीक्षेत तो पहिला आला. बापाची इच्छा अशी की, आता मुलाने शिक्षण पुरे करून चार पैसे मिळवावे. आणि त्या घरची स्थिती पाहता तीत वावगे काही नव्हते. परंतु 1875 साली म्यूनिक येथील पॉलिटेक्निक विद्यालयाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि बापाच्या खिशाला भार न होता पुढचा मार्ग मोकळा झाला.

म्यूनिकला कार्ल फॉन लिंडे या नावाचे प्राध्यापक होते. शीतयंत्रे, म्हणजे बर्फ करण्याची यंत्रे, शोधण्यात त्यांचा मोठा लौकिक होता. 1878 साली एके दिवशी ते वर्गात वाफेच्या यंत्राविषयी शिकवीत होते. कोळसा जाळून जितकी उष्णता मिळते तिच्या शंभर भागांपैकी अवघे सहा ते दहा भाग वाफेच्या यंत्रात कामी येतात, बाकीची सारी धुराड्यावाटे व निवलेल्या वाफेबरोबर वाया जाते, असे त्यांनी सांगितले. वर्गातील इतरांनी हा आकडा लिहून घेतला असेल व परीक्षा होताच तो विसरलेही असतील. रुडॉल्फने मात्र वहीच्या समासात एक टीप केली : उष्णतेपासून सरळ काम घेण्याचा याहून चांगला मार्ग निघू शकेल काय, याचा शोध करावा. वीस वर्षांचा विद्यार्थी, आणि समासातील दोन ओळी! पण त्या दोन ओळींनी त्याचा पुढचा सर्व जन्म व्यापून टाकला.

लिंडे यांनी त्या दिवशी जो सिद्धांत शिकविला तो सादी कार्नो नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनियरने 1824 साली मांडलेला होता. तो समजण्यास आपण नळदुर्गच्या मुलांना लांब जावयास नको. पावसाळ्यात बोरी नदी भरली म्हणजे किल्ल्यातील पाणीमहालाच्या बांधावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात. पाणी जितक्या उंचावरून खाली पडेल तितका त्याचा जोर अधिक. सपाट वाहणाऱ्या पाण्यावर चक्की फिरत नाही. उष्णतेचेही असेच आहे, असे कार्नो याचे म्हणणे होते. उष्णता अति तप्त जागेपासून थंड जागेकडे उतरत असता काम करते, आणि दोहोंच्या तपमानांतील अंतर जितके मोठे तितके काम अधिक निघते. वाफ फारशी तापत नाही, म्हणून तिचा धबधबा ठेंगणा. हा धबधबा उंच कसा करावा, एवढाच काय तो प्रश्न.

1879 साली विषमज्वराने अंथरुणास खिळल्यामुळे डिझेलची अखेरची परीक्षा हुकली. त्या मधल्या काळात तो स्वित्झर्लंडमधील एका यंत्रांच्या कारखान्यात हात काळे करीत राहिला, आणि 1880 च्या जानेवारीत परीक्षेस बसून विशेष मानाने उत्तीर्ण झाला. नंतर लिंडे यांनीच त्याला पॅरिसमधील आपल्या बर्फाच्या कारखान्यात नेमले. 1883 साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला व पुढे त्यांना तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाचा कारखाना आणि रात्री समासातील तो प्रश्न, असा त्याचा क्रम दहा वर्षे चालला. आरंभी त्याने वाफेऐवजी अमोनिया वायू वापरून इंजिन चालविण्याची खटपट केली. तीत कित्येक वर्षे गेली, पण यश आले नाही.

त्या वेळी बाजारात वाफेच्या यंत्राला पर्याय नव्हता असे नाही. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने 1876 साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले होते. त्यात वायू व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाई, दट्ट्या ते दाबी, मग ते पेटविले जाई, आणि अखेर जळलेला वायू बाहेर टाकला जाई. आजची पेट्रोलची मोटारसायकल याच रीतीने चालते. मिश्रण पेटविण्यास तीत विजेची ठिणगी असते. परंतु या रीतीस एक मर्यादा आहे. मिश्रण फार दाबले तर ते तापून वेळेपूर्वीच आपण होऊन पेट घेते व इंजिनाला हादरे बसतात. म्हणजे दाब वाढविता येत नाही, आणि दाब वाढल्यावाचून धबधब्याची उंची वाढत नाही.

डिझेलने ही अडचण उलटी फिरवून तिचेच साधन केले. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव प्रत्येक मुलाला आहे. हवा दाबली की ती तापते. तेव्हा इंजिनात आधी इंधन मुळी घेऊच नये; नुसती हवा घ्यावी व ती तीस-चाळीस पट दाब होईपर्यंत दाबावी. ती इतकी तापेल की त्या क्षणी आत तेलाचा फवारा सोडताच ते ठिणगीवाचून पेटेल. इंधनच आत नाही, तर वेळेपूर्वी पेटणार काय? ही त्याची युक्ती. 1892 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. 1893 साली ते मंजूर झाले आणि त्याच वर्षी त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कागदावरचे इंजिन व लोखंडाचे इंजिन यांत किती अंतर असते, हे आता त्याला कळावयाचे होते. ग्रंथात त्याने हवेचा दाब वातावरणाच्या 250 पट धरला होता आणि उष्णतेच्या शंभर भागांतील सत्तरांहून अधिक भाग कामी येतील असा हिशेब मांडला होता. इतका दाब सोसणारे ओतीव काम त्या काळी कोणाच्याच हातचे नव्हते, आणि तेवढी हवा दाबण्यातच इंजिनाची बहुतेक शक्ती खर्च झाली असती. विद्वानांनी ही चूक दाखविली. त्याच्याही ती ध्यानात आली आणि त्याने आराखडा बदलला. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे चालक हाइनरिख फॉन बुझ यांनी त्याला जागा व माणसे दिली, आणि क्रुप यांच्या प्रसिद्ध कारखान्याने पैशाचा भार उचलला.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली चाचणी झाली. इंधन आत जाताच स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. उलट, दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते एवढे तरी सिद्ध झाले. डिझेल पुन्हा आराखड्याच्या मेजावर जाऊन बसला. 17 फेब्रुवारी 1894 रोजी लिंडर नावाचा मिस्त्री इंजिनाशी उभा होता. आजवर बाहेरून पट्ट्याने इंजिन फिरवावे लागे. त्या दिवशी पट्ट्याचा ताण उलट्या बाजूने बसलेला त्याला दिसला. इंजिन आता ओढले जात नव्हते, ते स्वतः ओढीत होते! लिंडरने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. ती चाल अवघी एक मिनिट टिकली. पुढे आणखी तीन वर्षे दुरुस्त्या, मोडतोड व पुन्हा जुळवाजुळव चालू होती.

अखेर 17 फेब्रुवारी 1897 रोजी, म्हणजे बरोबर तीन वर्षांनी, म्यूनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. वीस अश्वशक्तीचे, सुमारे तीन मीटर उंचीचे ते एकाच सिलिंडरचे धूड होते. त्यांनी तेल तोलले, फेरे मोजले, काम मोजले. इंधनातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी 26.2 भाग कामी आले होते! ग्रंथातल्या आकड्याच्या मानाने हे थोडे. परंतु त्या वेळच्या कोणत्याही इंजिनाहून अधिक. ग्रंथातील सत्तरांचा आकडा कोणी मोजलेला नव्हता. सव्वीसचा आकडा परक्या माणसाने तराजू लावून मोजलेला होता. जगाने मान दिला तो या दुसऱ्या आकड्याला. तेच इंजिन म्यूनिकच्या संग्रहालयात जपून ठेविले आहे.

येथवरची कथा उजेडाची. पुढे सावली पडू लागते. देशोदेशींचे कारखानदार परवाने घेण्यास धावले. एकट्या अमेरिकेच्या हक्कांबद्दल बुश नावाच्या धनिकाने त्याला दहा लाख मार्क दिले. एके काळी हातगाडी ओढणारा मुलगा चाळिशीत लक्षाधीश झाला. परंतु इंजिन अद्याप पुरते पिकलेले नव्हते. 1898 मध्ये विकलेली पहिली इंजिने वारंवार बिघडू लागली. काही परत आली. आउग्सबुर्गमध्ये खास त्यासाठी काढलेली कंपनी बुडाली. कामाच्या व चिंतेच्या भाराने डिझेलची प्रकृती ढासळली व त्याला काही काळ आरोग्यधामात काढावा लागला. पुढे त्याने म्यूनिकला राजवाड्यासारखे घर बांधले, जमिनींच्या व्यवहारात पैसा गुंतविला, आणि तो बुडाला. ज्या मनुष्याने इंजिनातील तेलाचा थेंबन् थेंब मोजला, त्याने आपल्या घरचा जमाखर्च त्याच काट्याने मोजला नाही, ही या चरित्रातील मोठी दुःखाची गोष्ट होय.

इंजिन मात्र सुधारत गेले. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळाले. तेथेच, फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून, या जातीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले, आणि प्रेक्षकांना फरकही कळला नाही. शेतात पिकणारे तेल पुढेमागे खनिज तेलाची जागा घेईल, असा विश्वास डिझेलने 1912 साली बोलून दाखविला. साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि विद्यार्थ्यांच्या शर्यतींतही ते चालते, हे पाहता त्याची दृष्टी किती लांबवर पोहोचली होती हे कळून येते. त्याच 1912 साली सेलांडिया हे डेन्मार्कचे मोठे डिझेल-जहाज महासागरावर निघाले.

29 सप्टेंबर 1913 रोजी डिझेल अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या आगबोटीने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. दहाच्या सुमारास तो खोलीत गेला आणि सकाळी सव्वासहाला उठविण्यास त्याने सांगितले. सकाळी खोली रिकामी होती. बोटीच्या कठड्यापाशी त्याचा कोट व टोपी नीट ठेवलेली आढळली. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. त्याच्या खिशांतील वस्तू मुलाने ओळखल्या. तो कर्जात पूर्ण बुडाला होता, हे मागाहून उघड झाले. त्याने स्वतःच जीव दिला असावा असे बहुतेक चरित्रकार मानतात. अपघाताचा व घातपाताचाही तर्क काहींनी केला. त्या वेळी त्याचे वय पंचावन्न वर्षांचे होते. मनावर ओझे असता ते घरच्या माणसांजवळ उघड करण्यात कमीपणा नाही, एवढे मुलांनी व त्याहून अधिक मोठ्यांनी या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

डिझेल गेला, पण त्याचे इंजिन थांबले नाही. ते जड होते आणि शर्यतीत जडपणा म्हणजे हार, असा सर्वांचा समज होता. अमेरिकेत 1931 साली इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची डिझेल-गाडी उतरली. ती पहिली आली नाही, तेरावी आली. परंतु इतर गाड्या इंधन घेण्यास थांबत असता ती आरंभापासून अंतापर्यंत एकदाही न थांबता धावली. थोड्या तेलात लांब जाणे हाही एक वेगच आहे, हे त्या दिवशी लोकांनी पाहिले. पुढे 2006 साली फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांची शर्यत आउडी कंपनीच्या डिझेल-गाडीने जिंकली. आपल्या महाराष्ट्रात 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि हजारो विहिरींवरील बैलांच्या मानेचे जू उतरले. त्याच पुण्यात 1962 साली किर्लोस्कर व कमिन्स यांनी मिळून मोठी इंजिने करण्यास आरंभ केला. अर्थात या इंजिनाने भले केले तसे त्याच्या धुराने शहरांची हवाही बिघडविली, हेही न लपविता सांगितले पाहिजे. म्हणूनच आज विजेच्या गाड्यांचा पर्याय पुढे येत आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जातील आणि त्या वीस मिलिमीटरच्या गळ्यापुढे बसून कोणते इंजिन घ्यावे याचा वाद घालतील. कोणी म्हणेल, चार सिलिंडर. कोणी म्हणेल, एक. कोणी म्हणेल, वीज. तेव्हा मोठ्याने बोलणाऱ्याचे खरे मानू नका. गाडी तोला, इंधन तोला, घड्याळ लावा आणि मग निर्णय करा. पुस्तकातला सत्तरांचा आकडा मोठा दिसला तरी मोजून हाती आलेले सव्वीसच उपयोगी पडतात.

आणि एक गोष्ट अजून शिल्लक आहे. आजची जहाजांवरील अति मोठी डिझेल इंजिने शंभरांपैकी पन्नासपर्यंत भाग कामी आणतात; रस्त्यावरच्या साध्या गाडीचे इंजिन त्याच्या बरेच मागे आहे. निम्म्याहून अधिक उष्णता अजूनही धुराड्यावाटे व पाण्यावाटे वायाच जाते. लिंडे यांच्या वर्गात 1878 साली लिहिलेल्या त्या दोन ओळींचे उत्तर पुरते मिळालेले नाही. वहीचा समास प्रत्येकापाशी असतोच.